चिमणी तपासायला आलेल्या बाई

क्योतोच्या उत्तरेला, बसच्या अगदी शेवटच्या थांब्याजवळ आम्ही जुनं घर घेतलं. घर बघायला गेलो तेव्हा नवऱ्याने छप्पर पाहिलं नाही की नळ सोडून पाहिले नाहीत. बैठकीच्या खोलीतल्या लोखंडी शेगडीसमोर तो मांडी घालून बसला आणि एकच शब्द बोलला, "भरीत!"

त्याचं चुकलं नव्हतं. जपानमधल्या आमच्या सगळ्या भाड्याच्या घरांत विजेची सपाट शेगडी होती. तिच्यावर वांगं गरम होतं, भाजत नाही. आणि नवरा जळगावचा. त्यात सासूबाई मुक्कामाला आलेल्या. मग ठरलंच. शनिवारी माझ्या प्रयोगशाळेतली मंडळी जेवायला, आणि नव्या घरातल्या पहिल्या जाळावर भरीत. नवऱ्याने लाकडं रचली, मोबाईलचा टॉर्च लावून शेगडीत मान घातली आणि जाहीर केलं, "वरपर्यंत एकदम साफ!"

शेजारच्या आजी झाडाची तांबूस पर्सिमन फळं द्यायला आल्या, त्यांनी लाकडं पाहिली. "चिमणी तपासून घेतलीत ना?" त्यांनी विचारलं. घर बरीच वर्षं बंद होतं म्हणे. नवरा म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. मी मात्र तपासणीसाठी फोन केला. खरं सांगायचं तर घर घेतल्याच्या आनंदात मला कोणालाही घरी बोलवायला निमित्त हवं होतं.

शुक्रवारी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, आज एक बाई चिमणी तपासायला येणार आहेत."

"चिमणीला काय झालं?" त्यांनी काळजीने विचारलं. "आणि ती त्या बाईंच्या हाताला लागेल तरी कशी?"

मी हसत सुटले. "अहो आई, धुराडं!" तेवढ्यात बेल वाजली, तरी आम्ही दोघी पोट धरून हसतच होतो.

आलेल्या बाई पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल. आमचं हसणं बघून कारण न कळताच त्याही हसायला लागल्या. शेगडीचा पाइप सोडवून त्यांनी लांब काठीच्या टोकाला लावलेला कॅमेरा विटांच्या रुंद धुराड्यात सरकवला. आम्ही सगळे छोट्या पडद्याभोवती गोळा झालो. विटा, काजळी, पुन्हा विटा. एका ठिकाणी त्या थांबल्या. दोन विटांमधला चुना गळून फट पडली होती आणि फटीतून माळ्याचा लाकडी वासा दिसत होता.

"इथून एक ठिणगी गेली असती तर..." एवढंच त्या बोलल्या. नवऱ्याने माझ्याकडे बघणं टाळलं.

कॅमेरा आणखी वर गेला. वरचं तोंड झाडाच्या सालींच्या भुग्याने गच्च भरलेलं. आणि त्यात दोन डोळे चमकले.

बाई किंचाळल्या. सासूबाई त्यांच्याहून मोठ्याने किंचाळल्या. नवऱ्याचं डोकं शेगडीवर आपटलं. आमची सात वर्षांची मुलगी तेवढी टाळ्या पिटत उड्या मारत होती, "मुसासाबी! मुसासाबी!"

उडती खार. आपल्या शेकरूएवढी मोठी, गाल पांढरे, चेहऱ्यावर झोपमोड झाल्याचा राग. आता बाईही उड्या मारायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांनाही चिमणीत मुसासाबी भेटली नव्हती. दोघी एकमेकींचे हात धरून गोल फिरल्या.

मग बाईंनी रुमाल नीट केला आणि आम्हाला समजावलं. उद्या जाळ केला असता तर धुराला वर वाटच नव्हती. सगळा धूर खोलीत उलटला असता. त्यातला एक वायू असा, की त्याला वासही नसतो. माणसं गुंगीत जातात. आणि सालींचा भुगा पेटला असता तो वेगळाच. "दर वर्षी, थंडीच्या आधी," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी जपानी येत नसूनही जोरजोरात मान हलवली.

शनिवारी पाहुणे आले. आम्ही अंगणात गॅसची छोटी शेगडी मांडून वांगी भाजली आणि संध्याकाळी सगळे माना वर करून उभे राहिलो. अंधारून आलं तशी मुसासाबी धुराड्याच्या काठावर आली, चार पाय ताणले आणि वाऱ्यावर सोडलेल्या रुमालासारखी आमच्या डोक्यांवरून तरंगत अंगणापलीकडच्या देवदारात गेली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. सासूबाईंच्या हातातलं वांगं खाली पडलं, पण त्यांना पत्ता नव्हता.

महापालिकेला विचारून बाईंनी देवदारावर लाकडी खोका बांधून दिला. मुसासाबी तिकडे राहायला गेली, मग धुराड्यावर जाळी बसली, फट बुजली. डिसेंबरात शेगडी पेटली आणि धूर सरळ वर गेला.

पुढच्या वर्षी थंडीच्या आधी, ऑक्टोबरात बाई पुन्हा आल्या. कॅमेरा टोकापर्यंत गेला. नुसत्या विटा. "सगळं छान आहे," त्या म्हणाल्या. मुलीचं तोंड एवढंसं झालं. बाईंचंही.