लवू घाडी आणि हरवलेलं प्लॅटिनम

गिरणीचा संप फिसकटला तेव्हा लवू घाडी बेचाळीस वर्षांचा होता. सायझिंग खात्यात सुताला खळ चढवण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. चौऱ्याऐंशी साली परळच्या एका प्रयोगशाळेत त्याला हंगामी मदतनीस म्हणून घेतलं. कायम करायचं की नाही, ते दिवाळीनंतर ठरणार होतं. घोडपदेवहून तो चालत यायचा आणि रोज वीस मिनिटं आधीच दारात उभा असायचा.

तिथल्या प्रमुख डॉक्टर गुणवंती रेगे. प्रोपेन वायूतला थोडा हायड्रोजन काढला की प्लॅस्टिकच्या कामाचा वायू मिळतो. ते घडवायला प्लॅटिनम लागतं, तेही चिमूटभर, पांढऱ्या भुकटीवर पसरलेलं. "घाडी, भुकटी नुसती बसायची जागा नाही हं," बाई सांगायच्या. "तिच्या संगतीनं प्लॅटिनमचा स्वभाव बदलतो." लवू मान हलवायचा. केशरी द्रावण भुकटीत मुरवायचं, सुकवायचं, मग काचेच्या नळीत घालून हायड्रोजनमध्ये दोनशे अंशांवर तापवायचं, एवढं त्याला पाठ होतं.

गुरुवारी बाईंनी नवी भुकटी तपासली. उघड्या प्लॅटिनमवर हायड्रोजन चिकटतो. किती चिकटला, त्यावरून प्लॅटिनम किती ते कळतं. या वेळी जवळजवळ काहीच चिकटला नाही.

"म्हणजे प्लॅटिनमच नाही?" स्टोअरचा रमाकांत दारातूनच म्हणाला. "मी तर द्रावणाची बाटली भरून दिली होती. काय घाडी, इथं गिरणीसारखी गेटवर झडती नसते, नाही का?"

"रमाकांत, तोंड सांभाळा," बाई म्हणाल्या. पण त्यांनी लवूकडे पाहिलं नाही.

त्यानं थेंबभरही चोरलं नव्हतं. पण एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. तापवताना नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले होते. सायझिंगमध्ये सूत ओलसर पुढं गेलं की त्याला बुरशी धरते आणि जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, सगळ्यांसमोर आईबाप काढतो. माल कच्चाच आहे असं समजून लवूनं काच कोरडी होईपर्यंत आच वाढवत नेली होती. बोलावं तर चूक कबूल, गप्प राहावं तर चोर.

संध्याकाळी घरी बायकोनं, सुंदराबाईनं, पुढं केलेलं ताट त्यानं बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं.

"चोरी नाय ना केली? मगे कित्याक भियाचा?" ती म्हणाली. "खरा काय ता बाईंका सांगून टाका."

"आणि काढलं तर?"

"तर चोर म्हणून तरी नाय काढूचे."

सकाळी तो बाईंच्या टेबलापाशी उभा राहिला. हातातला रुमाल घामानं भिजला होता. "बाई, मी आच वाढवली."

"किती?"

"पाचशे."

"पाचशे? आणि वहीत दोनशे लिहिलंत?"

"हुकूम दोनशेचा होता. गिरणीत हुकमाचाच आकडा लिहायचे."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, इतक्या आचेला ही भुकटी प्लॅटिनमवर चढते, दुधावर साय धरते तशी. खाली प्लॅटिनम आहे, पण हायड्रोजन चिकटणार कुठं? तीच भुकटी आधी हवेत तापवा, म्हणजे साय उतरेल, मग हायड्रोजनमध्ये दोनशेवर. दोनशेच!"

"पाणी सुटलं तर, बाई?"

"सुटू दे. सुटायलाच हवं."

दिवसभर तो भट्टीपासून हलला नाही. थेंब दिसला की त्याचा हात बटणाकडे जाई, मग तो हात काखेत दाबून धरी. बाईंच्याही ध्यानात न आलेली एखादी वेगळीच चूक आपल्या हातून झाली असेल तर? मग कोण विश्वास ठेवणार? रमाकांत दोनदा डोकावून गेला.

साडेचारला तपासणी झाली. हायड्रोजन चिकटला. आकडा जुन्या नमुन्यांच्या जवळ आला.

"रमाकांतला बोलवा," बाई म्हणाल्या. त्यानं आकडा पाहिला, पुटपुटला, "मी आपली मस्करी केली हो," आणि निघून गेला.

बाईंनी वही पुढं सरकवली. "दोनशे खोडून पाचशे लिहा, खाली सही करा. आणि उद्या आणखी एक पाचशेवाली बनवा. साय धरलेल्या प्लॅटिनमवर प्रोपेनची काजळी कमी बसते का, ते पाहायचंय."

सही म्हणजे आपल्या चुकीचा कागदोपत्री पुरावा, हे लवूला कळत होतं. दिवाळीनंतर कायम करायचं ठरवताना हीच वही उघडली जाईल, हेही. तरी खाली वाकून, एकेक अक्षर जपत, त्यानं आपलं पूर्ण नाव लिहिलं.