भिंतीच्या दोन्ही बाजूंची ओल

"प्रमिला, तुझा पाईप माझे गणपती भिजवतोय. आत्ताच्या आत्ता ये."

वामनकाकांचा फोन आला तेव्हा मी रोह्याला एका शाळेच्या टाकीचा वॉल्व्ह बदलत होते. राहिलेले दोन बोल्ट आवळले, पाणी सोडून बघितलं आणि स्कूटर काढली. निडी, नागोठणे करत पेणला पोचेपर्यंत डोक्यात एकच होतं. 'तुझा पाईप' म्हणाले, ते खोटं नव्हतं. तो पाईप मीच बसवला होता.

मी नळाची कामं करते. गाव धरमतर खाडीकडचं. आयटीआय केल्यावर आठ वर्षं डोलवीच्या पोलाद कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर पाईप फिटिंग केलं, मग पेणला स्वतःचं काम सुरू केलं. सुरुवातीला लोक दारात मला बघून "प्लंबर कुठाय?" असं विचारायचे. आता विचारत नाहीत. दोन वर्षांपूर्वी शैला वहिनींच्या दुमजली घराचा बाहेरचा ड्रेनेज पाईप मी नव्याने टाकला होता. वहिनी शिवणक्लास चालवतात. त्यांच्या घराला लागून अडीच फुटांचा बोळ आहे आणि बोळाच्या पलीकडे वामनकाकांचा गणपतीचा कारखाना. एका भिंतीवर वहिनींचा पाईप, समोरच्या भिंतीच्या आत काकांच्या मूर्ती.

मी पोचले तेव्हा काका खालच्या फळीसमोर उकिडवे बसले होते. सत्तरीचा माणूस, हात कोपरापर्यंत मातीचे. एका मूर्तीच्या पाठीला त्यांनी तळहात लावून धरला होता, जसं तापातल्या पोराला धरतात.

"बघ. बैठक मऊ पडलीय. हात काढला तर बसेल खाली."

शाडूची मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळवलेली असते. खालून ओल चढली की ती परत माती व्हायला लागते. त्या फळीवर सहा मूर्ती होत्या. मागच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळपट डाग पसरला होता. गणपती यायला तीन आठवडे राहिले होते.

"या भिंतीपलीकडं काय हाय? तुझा पाईप. दुसरं काय हाय?"

"काका, बघते."

"बघून झालंय माझं. पंधरा दिवस वहिनींना सांगतोय. आता नगरपालिकेत अर्ज देतो. पाईप काढा म्हणावं तो."

पाईप काढा म्हणजे वहिनींचं वरचं न्हाणीघर बंद. ऐन पावसाळ्यात नवीन लाईन दुसऱ्या बाजूने न्यायची तर अंगण खणायला लागलं असतं. आणि माझं काय? पेणमध्ये आळीआळीत कारखाने आहेत. एका कारखान्यात नाव गेलं की गावात गेलं.

बोळात शिरले. पाईप वरून खालपर्यंत कोरडा दिसत होता. पण पावसाळ्यात डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो, सगळ्याच भिंती ओल्या असतात. गळणारं पाणी पाईपच्या अंगावरून ओघळत भलतीकडे जाऊन ठिबकतं. म्हणून मी नीळ वापरते. कपड्यांची साधी नीळ. ज्या लाईनचा संशय असेल तिच्यात निळं पाणी सोडायचं. निळं बाहेर आलं तर चोर सापडला.

खाली चेंबरमध्ये पाईपच्या तोंडाला बूच मारलं आणि वरच्या न्हाणीतून निळं पाणी भरत गेले. पाईप भरून उभा राहिला. वहिनी खिडकीतून, काका बोळाच्या तोंडाशी उभे.

मला खात्री होती, काही निघणार नाही.

दहा मिनिटांनी दुसऱ्या जॉईंटखालून एक निळी रेघ उतरली. बारीक, दोऱ्याएवढी.

"आली," काका म्हणाले. "आली का नाय?"

आली होती. या पाईपच्या जॉईंटला वाटीसारखं रुंद तोंड असतं, त्याला सॉकेट म्हणतात. सॉकेटमध्ये रबराची रिंग असते आणि वरचा पाईप त्या रिंगमधून आत जातो. पाईप कापला की त्याची कड कानशीने तिरकी घासून घ्यायची. नाहीतर धारदार कड रिंगला चिरते. त्या जॉईंटला मी कड घासली नव्हती. का नाही घासली, ते आठवत नाही. संध्याकाळ झाली असेल, घाई असेल. कारण काही असो, हात माझाच होता.

"काका, वहिनी, चूक माझी आहे," मी म्हटलं. "आत्ता दुरुस्त करून देते."

जॉईंटसकट फूटभर तुकडा कापून काढला. नवा तुकडा बसवायला दोन रिपेअर कपलर, म्हणजे जोडनळ्या, लावले. साध्या कपलरला मध्ये अडसर असतो, याला नसतो. त्यामुळे तो पाईपवर पूर्ण सरकवता येतो आणि तुकडा जागेवर आला की परत खाली ओढून दोन्ही टोकं झाकता येतात. या वेळी चारही कडा घासल्या. पुन्हा निळं पाणी भरलं, अर्धा तास वाट बघितली. एक थेंब नाही.

काकांनी अर्ज खिशातच ठेवला. मी घरी गेले. मान खाली होती, पण काम झालं होतं.

असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी काकांच्या सुनेचा, मनीषाचा फोन आला. मनीषा मूर्तींची आखणी करते, म्हणजे डोळे रंगवते. त्या कारखान्यात सगळ्यात स्थिर हात तिचा. ती हळू आवाजात बोलत होती.

"ताई, भिंत तशीच हाय. उलट वाढलीय. मामंजी चिडलेत. तुमचं नाव काढलं तरी ओरडतात."

मी गेले. डाग खरंच वाढला होता. खालच्या फळीवरच्या मूर्ती वर हलवल्या होत्या, पण मधल्या फळीलाही आता ओल लागत होती. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"तुझं तुला दुरुस्त येत नाय. दुसरा माणूस बोलावतो. आणि अर्ज आज जाणार."

मी भिंतीला हात लावला. मग बोळात जाऊन वहिनींच्या पाईपला हात लावला. पाईपखालची माती बऱ्यापैकी कोरडी होती. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती. अडीच फूट अंतर उडी मारून पाणी समोरच्या भिंतीत जाणार कसं? हा प्रश्न खरं तर मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. निळी रेघ दिसली आणि मी शोधायचं थांबवलं.

आत येऊन मनीषाला विचारलं, "ओल सगळ्यात जास्त कधी दिसते?"

"संध्याकाळी. सकाळी जरा कमी असते."

वहिनींच्या घरी पाणी सगळ्यात जास्त वापरतात सकाळी. अंघोळी, कपडे, सगळं दहाच्या आत. संध्याकाळी पाणी कोण वापरतं? मी कारखान्यात नजर फिरवली. कोपऱ्यात मोरी होती. पाच वाजता काम थांबलं की सगळे कारागीर तिथे हात धुतात, ब्रश धुतात, मातीची घमेली विसळतात.

"काका, या मोरीचं पाणी कुठं जातं?"

"गटारात."

"कुठून?"

"पाईपातनं. माझ्या बापाशीच्या वेळचा पाईप हाय तो. आजपर्यंत त्याला काय झालं नाय."

बोळात परत गेले. काकांच्या भिंतीला लागून जुन्या फळ्या, फुटके पत्रे आणि कौलं रचून ठेवली होती. ती एकेक करून बाजूला केली. मागे गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे आतल्या जमिनीच्या पातळीला, दोन इंची लोखंडी पाईप भिंतीतून बाहेर येऊन आडवा गेला होता, शेवाळाने हिरवागार. पाना मारून बघितला. जिथे आवाज पोकळ यायला हवा तिथे भरीव आला. टकटक नाही, नुसतं थप.

मी आत येऊन काकांसमोर उभी राहिले. एकदा माझीच चूक निघालेली. आता म्हाताऱ्या माणसाला, त्याच्याच कारखान्यात, चूक तुमची आहे असं सांगायचं. पण पाना खोटं बोलत नाही.

"काका, मला तुमच्या मोरीत नीळ टाकायची आहे."

"काय? गणपतीच्या कारखान्यात नीळ? आणि मूर्तीला डाग पडला तर तू देणारेस का नवी करून?"

"त्या भिंतीच्या मूर्ती आधी पुढे घेऊ."

"त्या सहा नाइलाजानं हलवल्या. एरवी मांडलेल्या मूर्ती मी हलवत नाय. हलवताना बोटं तुटतात, सोंड तुटते."

"नाही हलवल्या तर आठ दिवसांत विरघळतील."

मनीषा उठली, हात पुसले आणि पहिली मूर्ती उचलली. एका हातात बैठक, दुसरा पाठीला. सासऱ्याच्या समोरून ती पुढे घेऊन गेली. दुसरी उचलली. तिसरीला काका स्वतः उठले.

"असं नाय गो. खालचा पाट दोन्ही हातांनी धर," एवढंच बोलले. अठरा मूर्ती हलवल्या. एकाही मूर्तीचं बोटसुद्धा गेलं नाही.

मग मी मोरीत दोन बादल्या निळं पाणी सोडलं. पहिली कशीबशी गेली. दुसरी मोरीतच तुंबून राहिली. आम्ही वाट बघत बसलो. काका तोंड फिरवून एका सोंडेवर पाण्याचा हात फिरवत होते. तासाभराने मनीषा म्हणाली, "मामंजी, बघा."

डागाच्या मधोमध, मोरीचा पाईप भिंतीत शिरतो त्याच्या जवळ, निळसर फूल उमललं होतं.

काका जवळ गेले. बोट लावलं. बोट निळं झालं.

मी पाईप कापायला घेतला. मनीषाने मोरी उपसून कोरडी केली. बाहेरचं कोपर उघडल्यावर आतून घट्ट, राखाडी मातीचा दांडा निघाला, चांगला दीड हात लांब. वर्षानुवर्षं धुतलेल्या हातांची आणि ब्रशांची माती तळाशी बसत गेली होती. पुढे वाट बंद म्हणून पाणी मागे उभं राहायचं, आणि भिंतीच्या आत गंजलेल्या जॉईंटमधून हळूहळू भिंतीत मुरायचं. बाहेर थेंब पडत नव्हता, म्हणून कुणाला दिसत नव्हतं.

काकांनी तो दांडा माझ्या हातातून घेतला. मोडला. अंगठ्याने मळून बघितला.

"खडा नाय हिच्यात," ते म्हणाले. "लोण्यासारखी माती हाय. एवढी बारीक मी कधी गाळली नाय."

माफी वगैरे काही नाही. पण त्यांनी ती माती फेकली नाही, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली.

जुना पाईप भिंतीतून पूर्ण काढला. नवीन पीव्हीसीचा टाकला, दर फुटाला पाव इंच उतार दिला, वळणाला झाकण उघडता येईल असं कोपर लावलं. मोरीच्या आधी एक ड्रम ठेवला. हात-ब्रश त्यात धुवायचे, माती खाली बसली की वरचं पाणी मोरीत ओतायचं. भिंतीचं तेवढं प्लास्टर खरवडून उघडं ठेवलं आणि समोर दोन पंखे लावले. सहाव्या दिवशी भिंत पांढरी पडायला लागली.

खालच्या फळीवरच्या सहापैकी पाच मूर्ती काकांनी बैठक नव्याने बांधून वाचवल्या. एक गेली. ज्या घरची होती त्यांच्याकडे काका स्वतः गेले आणि दुसरी मूर्ती दाखवली. शैला वहिनींच्या दारात मात्र ते गेले नाहीत. त्यांनी मनीषाला पाठवलं, सोबत अर्जाचा कागद, चार तुकडे केलेला. वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "पाईप तर माझाही गळत होता गो. ते पण सांग त्यांना."

तेच तर. गळत माझाही होता. म्हणूनच आम्ही सगळे फसलो. एक दोष सापडला की माणूस समाधानाने हत्यारं आवरतो. चूक कबूल केली की आणखीच हलकं वाटतं, आणि भिंत तशीच ओली राहते. आता दुरुस्ती झाली की मी घरी जाते, पण काम झालं असं भिंत सुकल्यावरच सांगते.