गच्चीचा कोट आणि जलपरीची शेपटी

लेकीच्या पोहायच्या जलपरी-ड्रेसच्या कापडी शेपटीत पाणी शिरू नये म्हणून काय लावू, असं मी याच ग्रुपवर विचारलंवतं. तुम्ही सगळे तुटून पडला की! "वैनी, गच्चीला मारतात तो वॉटरप्रूफ कोट मारा, एक नंबर!"

मारला. आज स्विमिंग टँकवर पोरगी पाण्यात उतरली आणि गार पाण्यात शेपटी पत्र्यागत कडक झाली. पायच हलेनात. कठड्याला धरून रडत होती. मीच कपड्यांसकट उतरून तिला बाहेर काढलं.

सल्ला देणाऱ्या भावजींना फोन केला, तर म्हणतात, "पाणी आत गेलं काय? न्हाय न्हवं? मग?"

एक नंबरवाल्यांनो, आता एवढंच सांगा. तुमच्यातल्या कुणाची गच्ची पोहती?