वांग्याच्या वाफ्यासमोर डोझर

माजरीच्या कोळसा वसाहतीत आमच्या क्वार्टरांमागे सगळ्यांनी मिळून भाजीची बाग केली होती. कोणता वाफा कोणाचा, असं काही नव्हतं. रातपाळीवरून आलेला माणूस सकाळी पाणी द्यायचा, पहिल्या पाळीचा संध्याकाळी निंदायचा. बाबा खाणीत डोझर चालवायचे. दिवसभर माती ढकलायची आणि सुटल्यावर पुन्हा मातीतच जाऊन बसायचं, याचं मला हसू यायचं. पण घरात मुक्यासारखा राहणारा हा माणूस तिथे गडगडून हसायचा.

मग हुकूम आला. खाणीतली माती टाकायला बागेची जागा हवी. वसाहतीची बैठक बसली आणि ठरलं, डोझर आला की बायांनी वाफ्यांत उभं राहायचं. बाबा तिथेच होते, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. मला तेव्हाच धास्ती वाटली.

सकाळी डोझर आला. वर बाबा होते.

आई पदर खोचून वांग्यात उभी होती. ती हलली नाही. डोझर पुढेच येत होता. आईपासून चार हातांवर बाबांनी तो थांबवला.

"तुमी काऊन आले?" आई ओरडली.

"मी नाई आलो तं दुसरा येईन. तो भाजी तोडू देणार हाय का? तोडून घ्या, मी थांबतो."

"अन् मंग?"

बाबांनी मान वळवली. मागे जीपमधला साहेब शिव्या देत होता. त्याला बाबांनी सांगितलं, इंजिन तापलं आहे.

बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. शेवटी आईच खाली वाकली. वांगी, भेंडी, कच्चे टमाटेसुद्धा, हाताला येईल ते आम्ही ओरबाडलं. आमच्या ओसरीवर ढीग लागला. मग आई बाजूला झाली आणि बाबांनी बाग सपाट केली. मी पाहिलं नाही. आवाज मात्र ऐकू येतच होता. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

संध्याकाळी वाटे आईनेच केले. एकेक घर येऊन आपापला वाटा घेऊन गेलं. बाबा दारात बसून होते, त्यांच्याशी कोणी बोललं नाही. ओसरी रिकामी झाली.

"आपला वाटा कुठी हाय?" बाबांनी हळूच विचारलं.

आईने ओसरी झाडायला घेतली. "आपला नाई केला," ती म्हणाली.