हात वर झाला नव्हता

निर्माता निखिलने मला फसवलं. एमआरआय पाहून डॉक्टर ‘बर्स्ट फ्रॅक्चर’ म्हणाल्या, तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं. म्हणजे कमरेच्या वरचा मणका चिरडला होता आणि त्याचा तुकडा मज्जारज्जूवर दाबत होता. पाय दिसत होते, जाणवत नव्हते.

सिनेमात हिरोच्या जागी पडतो तो मी. स्वतःच्या मोडलेल्या हाडांवर मी स्टँडअप कॉमेडीचा कार्यक्रम रचला. स्वारगेटजवळच्या नाट्यगृहात त्याचं चित्रीकरण होतं. शेवटच्या विनोदावर शिडीवरून मागे, रिकाम्या खोक्यांवर पडायचं ठरलं.

घासाघीस करून मी निखिलकडून एकच अट कबूल करून घेतली होती. आमच्यात पडलेला माणूस हात वर करून ठीक असल्याचं कळवतो. तोवर त्याला कोणी हलवायचं नाही. हात वर झाला नाही, तर माझा जोडीदार बाळू आधी पोचणार.

माइकच्या वायरीत पाय अडकला, खोकी चुकली. पडणं हा माझा धंदा, त्याची तक्रार नाही. मी हात वर केला नाही. लोकांना तोही विनोद वाटला. बाळू विंगेतून धावला, तर निखिलने त्याला धरलं. “थांब, हशा चालू आहे.” मग दोघांना पाठवून मला नमस्कारासाठी उभं केलं.

डॉक्टरांनी विचारलं, “अहो, तुम्हाला उचललं कोणी?” उचलल्याने नेमकं किती बिघडलं, हे सांगता येणार नाही, पण हलवायला नकोच होतं, असंही त्या म्हणाल्या.

‘डीकम्प्रेशन’ झालं, म्हणजे तो तुकडा काढून मज्जारज्जूवरचा दाब कमी केला. नंतर फक्त वाट पाहणं. पाय परत येतील का, याची. वारज्याहून डबा आणणारी सुनीता, माझी बायको, म्हणाली, “अख्ख्या पुण्याशी घासाघीस केलीत. आता अंगठ्याशी करून बघा.” एका सकाळी डावा अंगठा हलला. आज वॉकर धरून गॅलरीपर्यंत जातो. उजवा पाय अजून ओढावा लागतो.

कोणी पडलं तर उचलू नका. मान आणि पाठ सरळ ठेवून स्ट्रेचरची वाट पाहा. बाळू हेच सांगत होता.

निखिल फुलं घेऊन आला. “दादा, शेवट काय जमलाय!” म्हणाला. तोच शेवट ठेवून त्याने कार्यक्रम प्रसिद्धही केला. माझी मान लोंबकळतेय आणि लोक हसताहेत.

निखिल, तो शेवट काढा. आणि बाळूला का अडवलंत, ते चारचौघांत, माझ्यासमोर उभं राहून सांगा.