बेलचा तुकडा

माझा स्वभाव उतावळा, हे घरात आणि ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. पावणे इथल्या एका कोल्ड स्टोरेजचं सॉफ्टवेअर मी सांभाळायचे. ते म्हणजे एकच भलं मोठं गाठोडं. तापमानाच्या नोंदीत एक ओळ बदलायची तरी सगळं बंद करावं लागायचं. शेवटी वैतागून मी त्याचे स्वतंत्र तुकडे केले. एक तापमानाचा, एक मालाच्या नोंदीचा आणि एक, थंडाव्यासाठी वापरतात तो विषारी अमोनिया वायू गळला तर बेल वाजवणारा. आपल्यात काय आहे आणि आपल्याला कोण लागतं, याची यादी प्रत्येक तुकड्याच्या पोटातच. मुख्य प्रोग्रॅम गरज पडेल तेव्हाच त्या त्या तुकड्याला हाक मारणार. मी स्वतःवर जाम खूश होते.

एका दुपारी ते सगळं तिथल्या मशीनवर चढवलं. तापमान दिसलं, नोंदी झाल्या. बेल वाजवून बघायची, तर नियमाप्रमाणे सगळ्या कामगारांना गेटबाहेर काढायचं आणि हजेरी घ्यायची. अर्धा तास गेला असता. मी ते टाळलं.

कॉम्प्रेसर रूमचे ऑपरेटर, सारसोळ्याचे काका, तोवर दारात उभे होते. बेल बंद असताना आत बसायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता.

"मॅडम, बेल चालू हाय ना आता?"

"हो काका, झालं सगळं."

रिक्षा शिरवण्याला पोचली आणि एकदम मनात आलं, बेलचा तुकडा कॉपी केला होता का? आठवेना. नसला तरी प्रोग्रॅम तक्रार करणार नव्हता; हाक मारेपर्यंत त्याला पत्ताच लागत नाही. काकांचा मोबाइल गेटवर जमा. कोल्ड स्टोरेजचा नंबर एंगेज. रिक्षा मागे वळवली. रिक्षावाल्यावर, सिग्नलवर, दिसेल त्याच्यावर चिडत होते. खरं तर घाबरले होते.

काका आत, कॉम्प्रेसरशेजारी खुर्ची टाकून जेवत होते. मी तिथल्या मशीनवरचं फोल्डर उघडलं. बेलची फाइल नव्हती. ती माझ्या लॅपटॉपवरच राहिली होती. तासभर हा माणूस माझ्या शब्दावर तिथे बसला होता.

फाइल टाकली. या वेळी सगळ्यांना बाहेर काढलं आणि बेल वाजवली. दणदणीत वाजली. मग काकांना खरं काय ते सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"होतो असा कधी कधी, मॅडम," एवढंच म्हणाले.

"आता निवांत बसा, काका. जेवून घ्या."

"हां, बसतो ना."

त्यांनी खुर्ची उचलली, दाराबाहेर नेऊन ठेवली आणि तिथे बसून उरलेला डबा संपवला.