मामंजींच्या तारेतली कार्डं

माझ्याकडे तारेत ओवलेल्या जुन्या पोस्टकार्डांची जाडजूड चळत आहे. नातसून ती पाहुण्यांना कौतुकानं दाखवते, आजींनी केवढं जपलंय म्हणते. जपलंय खरं. पण कार्डं बघून लोकांना म्हणे गहिवर येतो, मला मात्र सासऱ्यांचा राग येतो.

विंझरला आमच्या ओसरीवर मामंजी टपाल वाचत. गाव त्यांना आण्णा म्हणे. आसपासच्या वाड्यांवर कुणालाच अक्षर कळत नव्हतं, तेव्हा वासरांत लंगडी गाय शहाणी. कार्ड आलं की माणसं ते घेऊन यायची, अंगणात बसायची. मामंजी आधी चष्मा पुसत, मग खाकरत, मग पाणी मागत. वाचून झालेलं कार्ड ते परत देत नसत. "तुमच्या घरात उंदरं खातील, हितंच ऱ्हाऊ द्या," म्हणून तारेत ओवत. तार जितकी भरे तितकी त्यांची मान ताठ होई.

मी भोरला मराठी चौथी झालेली. सासरी हे बोलायचं नाही, असं आईनं बजावून पाठवलं होतं. झाडलोट करताना मी तारेतली कार्डं चोरून वाचायचे, तेव्हा कळलं की मामंजींना हाताचं अक्षर लागतच नाही. छापील तेवढं जुळवून वाचायचे. कार्डात 'बहिणीला दिवस गेलेत, आईला लावून द्या' असं असायचं आणि हे गृहस्थ उचलली जीभ लावली टाळ्याला, "समदी खुशाल हाईत, पाऊसपान्याचं कळवा." सगळ्या मुलखाला तोच मजकूर. लोक हात जोडून उठायचे. मला मामंजींची कीव यायला हवी होती, पण किळसच यायची.

लढाईच्या दिवसांत डोंगरावरच्या धनगरवाड्यातून एक मावशी यायची. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा पलटणीत. त्याचं कार्ड आलं की लोण्याचा गोळा घेऊन उतरायची. लोणी आमच्या घरात, कार्ड तारेत, आणि तिला काय, तर 'खुशाल हाय'.

एकदा तिनं आणलेल्या कार्डाच्या माथ्यावर श्री नव्हता. मरणाची खबर असली की श्री लिहीत नाहीत आणि तसलं कार्ड वाचल्याबरोबर फाडायचं, घरात ठेवायचं नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. मामंजींना मजकूर लागला नाही, पण कोरा माथा तेवढा दिसला. त्यांनी अंगणात उभ्या उभ्या कार्डाचे चार तुकडे केले. "बाई, जा, आंघुळ कर," एवढंच म्हणाले आणि पायावर पाणी घेऊन जेवायला बसले. ती रडली नाही. आली तशीच डोंगर चढून गेली.

उकिरड्यावर राख टाकायला गेले तेव्हा मी ते तुकडे उचलले आणि जुळवले. मुलगा जिवंत होता. त्याची पलटण लांब कुठंतरी निघाली होती. येत्या बुधवारी, म्हणजे परवाच, पुण्याच्या स्टेशनात गाडी दुपारभर थांबणार आहे, काका, आईला घेऊन या, पुढं भेट होईल न होईल. शेवटी लिहिलं होतं की हे पत्र नगरकडच्या ख्रिस्ती सोबत्यानं लिहून दिलं. त्या बिचाऱ्याला श्रीचं काय ठाऊक.

मामंजींना सांगितलं असतं तर त्यांनी तुकडे चुलीत घातले असते. म्हणून जळणाचं निमित्त काढून मी धनगरवाडा गाठला. बायका गोळा झाल्या होत्या. मावशी ओल्या लुगड्यानं भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यापुढं तुकडे मांडले आणि वाचून दाखवलं, दोनदा. बायकांचं रडणं थांबलं. मावशी कार्डाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"तुला वाचता येतंय?"

"व्हय."

"आन् आण्णा इतकी वरसं वाचत व्हते ते खोटं, ते बी तुला ठावं व्हतं?"

तिनं तुकडे पदराला बांधले आणि दिराला घेऊन तशीच पुण्याची वाट धरली. भेट झाली. फलाटावर बसवून तिनं मुलाला भाकरी खाऊ घातली, असं नंतर कानावर आलं.

त्यानंतरही त्याची कार्डं येत राहिली. चार-पाच कोस चालून ती वरवे गावात कुणाकडून तरी वाचून घ्यायची. वाटेत आमचं घर लागायचं. ओसरीवर मामंजी दिसले तर ती रामराम करायची. मी दिसले तर तोंड फिरवायची.